राखणेचा कोंबडा

सतरा वर्षं मी दारात कोंबडी ठेवली नव्हती. वाडीतल्या बायका म्हणायच्या, या बाईची तऱ्हाच निराळी, घरामागं एवढं मोठं परडं, कणीकोंडा वाया जातो, आणि पाखरू म्हणून एक नाही. मी म्हणायची, मला घाणीचा कंटाळा येतो गो. खोटं बोलायला मेलं काय लागतं! यंदा लेक चंद्रा बाळंतपणाला येणार म्हणून पाऊस लागायच्या आधीच सात तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. आता भादवा सरत आलाय. कुंपणाच्या गडग्यावर तेरडा फुललाय, चिऱ्यांवर शेवाळ चढलंय, आणि त्यांतल्या उरलेल्या दुपारच्या उघडिपीला अळवाखाली माती उकरत आपसांत कुरकुरत असतात. तो आवाज कानावर आला की मी हातातलं काम टाकून आत जाते. तेवढ्यासाठीच तर इतकी वर्षं नको म्हणत होते.

कोंबडी हे काही कौतुकाचं पाखरू नव्हे, हे आधीच सांगून टाकते. केळीच्या बुंध्याशी घातलेलं खत ती अंगणभर पसरते. न्हाणीच्या चुलीतल्या राखेत लोळून सगळ्या दारात राख झाडते. लाल भोपळ्याचा कोवळा वेल तिला दिसायचा अवकाश, शेंडा गेलाच म्हणायचा. तरी सकाळी खुराड्याची फळी काढली की एकेक जण मान खाली घालून बाहेर येते, अंग झाडते, आणि आपल्याकडे एका डोळ्यानं असं बघते की हातातली कणी टाकल्यावाचून राहवत नाही. मी अजूनही टाकते. हात विसरत नाही.

माझं माहेर पावसच्या अलीकडे, उतारावर. बाबा दुसऱ्याची कलमं राखायचे. घर आमचं लहान, पण मागं परडं होतं, परड्याच्या खाली माडांचं आगर, आणि आगराच्या टोकाला सातविणीचं एक जुनं झाड. त्या सातविणीखाली राखणदाराचा दगड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, राखणदार म्हणजे देवळातला देव नव्हे. जागेचा धनी. रात्री आगरातून फिरतो, सापकिरडू आवरतो, पोराबाळांना सांभाळतो, आणि वर्षाचा एक कोंबडा घेतो. त्याला राखण देणं म्हणतात. घरात आम्ही तिघंच, आये, बाबा आणि मी. माझी थोरली बहीण आक्का डोंगरापलीकडच्या वाडीत दिलेली, तिचा नवरा आगबोटीवर. मी तेरा वर्षांची होते, मराठी सहावीपर्यंत शिकलेली, आणि दारची कोंबडी सगळी माझ्या हाताखाली होती.

होती म्हणजे काय, माझं राज्यच होतं ते! लहानमोठी धरून तीसएक. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून नुसती बसून राहायला लागली, की टोपलीत भाताचा पेंढा घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवायची. ढगांच्या गडगडाटानं अंडी नासतात म्हणून पेंढ्यात एक लोखंडी खिळा खुपसायचा. एकविसाव्या दिवशी आतून टकटक ऐकू यायची तेव्हा मी शाळेला जायची नाही. फुटक्या मडक्यात शेण आणि काड्या भरून ते ओल्या जागी पालथं घातलं की तीन दिवसांत त्याला वाळवी लागते. ती पिल्लांसमोर झटकायची. वाळवीवर वाढलेलं पिल्लू कसं टणक होतं ते बघायला हवं. आये म्हणायची, "पोरींना माणसाची पोरं आवडतात, हिला कोंबडीची."

त्या वर्षीच्या आदल्या सालात एका कोंबडीला मुंगसानं नेलं आणि तिची आठ पिल्लं उघडी पडली. सात गेली. आठवं मी पदरात घालून वाढवलं. रात्री माझ्या उशाशी करवंटीत झोपायचं. त्याचा पुढे कोंबडा झाला, तांबडा लाल, मानेवर सोनं सांडलेलं, तुरा अख्खा. मी त्याला तांबू म्हणायची. मी शाळेतून आले की गडग्यावरून उडी टाकून सामोरा यायचा. हसू नका, कोंबडाही माणूस ओळखतो.

आक्का आषाढात माहेरी आली, सातवा सरत आलेला. तिचं पहिलं मूल सासरी मेलेलंच जन्मलं होतं, आणि ती स्वतःही त्यातून कशीबशी उठली होती. त्यामुळे आयेचा जीव टांगणीला. आक्का आली त्याच आठवड्यात आये बाबांना घेऊन सातविणीखाली गेली. मागून मीही गेले. आयेनं पदर पसरला आणि म्हणाली, "बा राखणदारा, माजी लेक बाळ घेऊन आपल्या पायांनी दारात उभी ऱ्हायली, की तुला हा कोंबडा. दारातला सगळ्यांत चांगला." आणि तिनं बोट दाखवलं ते तांबूकडे.

मी म्हटलं, "आये, तो नाय गो! दुसरा दे. तो काळा दे."

"देवाला उरलंसुरलं देतात काय गो? चांगला म्हणूनच तो."

बाबांनी तांबूच्या कपाळाला कुंकू लावलं. झालं. असा एकदा नावाचा सोडला की तो जीव आपला राहत नाही. विकायचा नाही, बदलायचा नाही, वेळ येईस्तोवर हात लावायचा नाही. त्याला इतर कोंबड्यांत ठेवायचं नाही म्हणून बाबांनी आगराच्या टोकाला, त्या दगडाजवळच, झावळ्यांचं एक वेगळं खुराडं बांधलं. आणखी एक रीत ध्यानात ठेवा. राखणेचा कोंबडा तिथंच झाडाखाली कापायचा, तिथंच शिजवायचा, आणि पुरुषमाणसांनीच खायचा. घरात त्यातलं काही आणायचं नाही. बाईच्या जिभेला त्यातला कण लागत नाही.

मी दोन दिवस जेवले नाही. आक्का पोट सांभाळत माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "माज्यापायी तुझा तांबू जातो गो बाय. मला वाईट वाटतं. पण अजून लय दिवस हायत. तोवर त्याला पोटभर चार." ती अशीच होती. आपल्यामुळे कुणाला कमी पडलं तर तिला घास गिळायचा नाही. मी तिच्यावर रुसले होते आणि तीच माझी समजूत काढत होती.

गणपतीच्या तीनचार दिवस आधी चंद्रा जन्मली. मूल रडलं तेव्हा बाबा ओटीवर उभ्या उभ्या रडले. पण आक्काचं रक्त थांबेना. भागीकाकू म्हणून आमच्या वाडीची सुईण होती, तिनं काय काय केलं तिलाच ठाऊक; दुसऱ्या दिवशी थांबलं. आक्का पांढरी पडली होती, ओठसुद्धा पांढरे. पाचवी झाल्यावर भागीकाकूच्या सांगण्यावरून बाबांनी एक तलंग कापली. काळी मिरी घालून तिचा पातळ रस्सा केला आणि मऊ भाताबरोबर आक्काला दिला. ती वाटीभर जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसली, मुलीला पाजलं आणि माझ्याकडे बघून हसली. तिच्या गालावर खरंच रंग आला होता, मी डोळ्यांनी बघितलाय. त्या रंगावरच सगळ्यांचा विश्वास बसला.

आणि त्याच आठवड्यात मर आली. कोंबड्यांची मर. कुठल्या तरी घरी गौरीच्या नैवेद्यासाठी बाहेरगावचं पाखरू आणलं होतं, त्याबरोबर आली म्हणे. पहिल्यांदा माझी चंद्री कोंबडी, जिच्या नावावरून मी हट्टानं भाचीचं नाव ठेवायला लावलं, ती पंख सोडून उभी राहिली. हिरवं हगली. संध्याकाळी तिची मान वाकडी झाली आणि ती स्वतःभोवती गरगर फिरायला लागली. मी लसूण ठेचून तिच्या चोचीत कोंबला, हळदीचं पाणी पाजलं. सकाळी खुराड्याची फळी काढली तर पाच मेलेल्या. रोज फळी काढायची आणि रोज टोपली भरायची. मी खड्डे खणून खणून थकले. आठ दिवसांत परडं मुकं झालं. वाडीत एकही कोंबडा आरवेना, सकाळ झाली ती नुसती कावळ्यांच्या ओरडण्यावरून कळायची. फक्त आगराच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब राहिलेला, तांबू जिता होता.

इकडे आक्काला ताप भरला. बाराव्याला मुलीचं नाव ठेवलं तेव्हा तिला उचलून पाळण्याशी आणावी लागली. भात पुढे केला की मान फिरवायची. पेज ओकायची. बाबांनी खटपटीनं बकऱ्याच्या मटणाचा तुकडा आणला, तोही पोटात ठरेना. रत्नागिरीचा दवाखाना खाडीपलीकडे, पाऊस कोसळतोय, खाडीतली होडी बंद. ती एकच गोष्ट मागायची. "आये, तो रस्सा दे ना गो. मिरी घातलेला." लहान मुलासारखी मागायची. आये म्हणायची, "देते हां बाय, देते." आणि स्वयंपाकघरात येऊन तोंडात पदर कोंबायची.

बाबा कोंबडीसाठी चार गावं फिरले. आमच्या वाडीत मर आहे हे पुढं पोचलं होतं. लोक गडग्याच्या आतच येऊ देत नव्हते. "तिथंच उभे ऱ्हा, पायाला लागून येते ती," असं लांबूनच ओरडायचे. त्यांचं तरी काय चुकलं? बाबा भिजून चिंब होऊन रिकाम्या हातांनी आले आणि ओटीवर बसून राहिले. तेव्हा भागीकाकू फटकन बोलली, "दारात कोंबडा हाय आणि कोंबडीसाठी गावं कसली हिंडतोस? काप तो."

आये म्हणाली, "काकू, जीभ आवर! तो त्याचा हाय."

"त्याला पुढच्या साली दोन द्या. देव काय उपाशी मरतो? तुझी पोर मरंल."

"आणि त्याचा घास तिच्या पोटात घातला आणि त्यानं तीच नेली तर? मंग काय करू मी?"

कुणाचंच चूक नव्हतं, हेच तर वाईट होतं. शेवटी बाबांनी मधला मार्ग काढला. देवाचं आहे तर देवालाच विचारू. देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गावच्या घाडीला बोलावलं. आमच्याकडे देवाला विचारायची रीत म्हणजे कळे लावणं. दगडाच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक, अशा फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवा कळा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. घाडी म्हातारा होता, पावसात कुडकुडत होता. त्यानं गडग्यावरचा तेरडा तोडला, दोन पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, "बा राखणदारा, तुज्या नावाचा जीव या घरच्या लेकीच्या तोंडात घालायची हे मुभा मागतायत. औंदा हा मोकळा कर, पुढच्या भादव्यात तुला जोडी देतील. देत असशील तर उजवा दे, नसशील तर डावा दे. पोरीवर राग धरू नको."

आम्ही उभे राहिलो. एक पाकळी हलेना. उन्हाळ्यात घटकेत सुकून पडणारे कळे, त्या ओल्या हवेत दगडाला घट्ट धरून बसले. घाडी तासभर थांबला आणि म्हणाला, "पावसाळी हवा हाय, वेळ लागंल. कुणी तरी नजर ठेवून बसा. हात लावायचा नाय, फुंकर मारायची नाय. पहिला कुठला पडतो तेवढं सांगा." आये आक्काजवळची हलणार नव्हती. बाबा पुन्हा कोंबडीच्या शोधाला निघाले होते. मला म्हणाले, "तू बस. तू खोटं बोलणारी नाय."

मी झावळीचं इरलं डोक्यावर घेऊन बसले. तो दिवस गेला. संध्याकाळी बाबांनी पाकळ्यांपुढे सूप उभं करून ठेवलं, सकाळी काढलं, पाकळ्या तशाच. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. सातविणीच्या पानांतून ऊन खाली आलं. तांबू खुराड्यातून मला बघून पाय आपटत होता, म्हणून मी त्याला सोडला. तो येऊन माझ्या मांडीला मान घासायला लागला. माझ्या ओटीत कणी होती, ती त्यानं वेचली. त्याच्या पिसांना उन्हाचा वास येत होता. सगळं परडं मेलं होतं आणि हा एवढा एक गरम, जिता जीव माझ्या हाताखाली होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर उजवी पाकळी सुटली. घसरली आणि दगडाच्या पायाशी पडली.

मी तेव्हा काय विचार केला ते मी हजारदा आठवून बघितलंय. आक्का मरेल असं मला एकदाही वाटलं नाही. माझ्या लेखी आक्का आजारी होती आणि आजारी माणूस बरं होतं. एक दिवस इकडे तिकडे, एवढंच मला वाटलं. उद्या पडली म्हणून सांगेन. आजचा दिवस तो असू दे. मी पाकळी उचलली, पानावरच्या पाण्यात भिजवली आणि होती तिथं परत लावली. अंगठ्यानं दाबली. तांबूला खुराड्यात घातला. मागं वळून बघितलं तर कुणीच नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पडला गो?" मी म्हटलं, "नाय."

उद्या सांगेन म्हणून मी पहाटेच उठून गेले. सूप काढलं तर डावी पाकळी खाली पडलेली, आणि उजवी, मी अंगठ्यानं दाबलेली, दगडावर घट्ट. तेवढ्यात बाबा मागून आले आणि त्यांनी डोळ्यांनी बघितलं. तेव्हाही मला बोलता आलं असतं. तोंड उघडलं सुद्धा. बाबा दोन्ही हात जोडून उभे होते. मी तोंड मिटलं. घरात जाऊन त्यांनी सांगितलं, "देव नाय म्हणतो."

मला वाटलं होतं आये रडेल. ती आक्काच्या उशाशी जाऊन बसली आणि तिच्या कपाळावरची पट्टी बदलत राहिली. आक्का चौथ्या दिवशी गेली. जायच्या आदल्या दुपारी तिनं मला विचारलं, "आज काय शिजतंय गो? वास येतो." चुलीवर नुसतं पाणी होतं. मी म्हटलं, "रस्सा." ती म्हणाली, "मंग थोडं थांबते." आणि डोळे मिटून पडून राहिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तांबूचं काय झालं, तेही सांगते. आक्का दारात उभी राहिली नाही, तेव्हा नवस फिटायचा प्रश्नच नव्हता. कुणी त्याला कापलं नाही, कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. आक्का गेल्यावर आठवडा झाला आणि तो पंख सोडून उभा राहिला. मान वाकडी झाली. मरेनं त्याला सोडलं नव्हतंच, उशिरा गाठलं इतकंच. मी त्याला मांडीवर घेतलं नाही. लांब उभी राहून बघितलं. एका कोंबड्याचे दहाबारा दिवस, एवढं मी मिळवलं होतं.

पुढे एकदा, चंद्राला गोवर आला होता तेव्हा, मी एका डॉक्टरला आडून आडून विचारलं, बाळंतिणीला असा ताप आला तर कोंबडीच्या रश्श्यानं उतरतो का हो? ते हसले. म्हणाले, तो ताप रक्तात भिनतो बाई, रश्श्यानं काय व्हायचंय! त्यांना वाटलं मला बरं वाटेल. खरं सांगू, घटकाभर वाटलंही. पण घरी येईस्तोवर माझं मलाच कळलं, की तिला वाचवता आली असती की नाही हा हिशेब डॉक्टरचा. माझा हिशेब एवढाच, की तिनं मागितलं होतं, मिळत होतं, आणि मी दिलं नाही. त्यावर कुठला डॉक्टर काय औषध देणार?

आणि आये? आयेनं देवाशी उभा दावा मांडला. त्या दिवसापासून तिनं सातविणीखाली दिवा लावला नाही. परड्यातला केर नेऊन त्या दगडावर टाकायची. बाबा घाबरायचे, गुपचूप जाऊन झाडून यायचे. वाडीतली माणसं म्हणायची, हिच्या घराला दोष लागेल. ती म्हणायची, "लागू दे. आणखी काय नेतो तो माजं?" कुणाच्या घरी राखण असली की ही दार लावून बसायची. माझी आये देवभोळी होती हो, वाटेतल्या शेंदूर लावलेल्या धोंड्यालाही हात जोडणारी. तिचा देव मी मोडला. त्यानं हो म्हटलं होतं. सरळ, उजवा कळा देऊन हो म्हटलं होतं.

वर्ष झालं नाही तोच मला आक्काच्या जागी दिली. तान्ह्या मुलीला सावत्र आई नको, मावशीच बरी, असं सगळ्यांनी ठरवलं. आक्काचं घर मला मिळालं, आक्काचा नवरा मिळाला, तिच्या हिरव्या बांगड्यांचा जोड मिळाला. चंद्रा मलाच आये म्हणायला शिकली. लोक म्हणायचे, पोरीनं बहिणीसाठी किती केलं! मी मान खाली घालायची, लोकांना तो विनय वाटायचा.

तीन वर्षांमागं आये गेली. शेवटचे आठ दिवस मी तिच्याजवळ होते. शुद्धीवर होती. एकदा मला म्हणाली, "आता वर गेले की त्यालाच विचारते. एका कोंबड्यासाठी माजी पोर का नेलीस?" मी तिच्या तोंडात पाणी घातलं. सांगायची तीच वेळ होती. ती ते मनात घेऊन गेली, आणि मी चमचा धुऊन ठेवला.

चंद्रा ह्याच भादव्यात बाळंत झाली. मुलगा झाला. धडधाकट आहे पोर, आणि चंद्राही. पाचवी झाल्यापासून मी दिवसाआड कोंबडी कापायला लावते. समोर बसून जेवायला घालते, वाटी संपेपर्यंत उठत नाही. बाराव्या दिवशी तीच म्हणाली, "आये, पुरे गो. कोंबडीचा नुसता वास आला तरी नको वाटतं. तू अशी का करतेस? माझी आई बाळंतपणात गेली म्हणून? पण तिला तर देवानंच नाय म्हटलं, असं आजी सांगायची."

मी म्हटलं, "देवानं नाय म्हटलं नाय."

आणि मग मी सांगितलं. कशी बसले होते, कोण माझ्या मांडीशी होतं, कुठली पाकळी पडली, कुठल्या बोटानं दाबली. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. चंद्रा ऐकत होती, वाटी तिच्या हातात तशीच. पोर दूध पिता पिता झोपलं होतं. माझं बोलणं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ती मागत होती?"

"व्हय."

"किती वेळा?"

"रोज."

तिनं वाटी जमिनीवर ठेवली आणि पोराला घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवसापासून ती माझ्या हातचं खात नाही. भांडली नाही, रडली नाही, मला उणं बोलली नाही. मी ताट ठेवते आणि तसंच उचलते. दोन दिवस शेजारच्या शेवंताच्या घरची पेज तेवढी प्याली. तिसऱ्या दिवशी पोर अंगावर पिता पिता किरकिरायला लागलं, दूध आटल्यासारखं वाटलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

काल सकाळी मी कोंबडी कापवली. मिरी वाटली, पातळ रस्सा केला, भात मऊ शिजवला. वाटी पानानं झाकून गडग्याशी गेले आणि शेवंताला हाक मारली. म्हटलं, "हे तुझ्या घरचं म्हणून दे तिला. माझं नाव काढू नको." शेवंतानं माझ्या तोंडाकडे बघितलं. वाटी पदराखाली घेतली आणि आपल्या घरावरून फिरून आमच्या पुढच्या दारानं आत गेली. मी मागच्या दाराच्या फळीला कान लावून उभी राहिले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग चंद्राचा आवाज आला, "शेवंताकाकी, चांगला झालाय गो. आणखी हाय?"

"हाय तर. आणते हां," शेवंता म्हणाली, आणि रिकामी वाटी घेऊन लगबगीनं बाहेर पडली. मी पातेलं उचलून गडग्याकडे धावले.